एंजल आय दर पावसाळ्यात का जाते? पट्टी बदलण्याआधी हे बघा

एंजल आय म्हणजे हेडलाइटच्या आत बल्बभोवती बसवलेली एलईडीची शोभेची रिंग. माझ्या गाडीच्या डाव्या हेडलाइटमधली ही रिंग तीन पावसाळ्यांत तीनदा गेली. उजवीकडची मात्र पहिल्या दिवसापासून तीच. दर वेळी जिथून बसवून घेतली होती तिथेच जायचो आणि दर वेळी एकच उत्तर मिळायचं, "साहेब, पीसच खराब निघाला, दुसरा टाकून देतो." पहिल्यांदा पीस फुकट आणि मजुरी माझी, दुसऱ्यांदा दोन्ही माझं. तिसऱ्यांदा बंपर सैल करून हेडलाइट स्वतःच उतरवला, घरी आणून वर्तमानपत्रावर ठेवला आणि तिरका केल्याबरोबर आतलं चमचाभर पाणी इकडून तिकडे गेलं.

तेव्हा पहिली गोष्ट. एकच बाजू पुन्हा पुन्हा जात असेल तर पीसवर संशय घेऊ नका. खराब पीस डावं-उजवं बघून निघत नाहीत. त्या बाजूला काहीतरी वेगळं झालेलं असतं, ते शोधायचं. दोन्ही बाजू थोड्याफार अंतराने जात असतील तर प्रकरण बहुतेक व्होल्टेजचं आहे, तुम्ही थेट खालचा चौदा व्होल्टचा भाग वाचा.

ताडून बघता यावं म्हणून गाडी सांगतो. २०१४ ची हॅचबॅक, रिफ्लेक्टरचा हेडलाइट, आत लो आणि हाय दोन्हींसाठी एकच एच-४ बल्ब (हाय ६० वॅट, लो ५५). बल्बभोवती पांढरी रिंग आणि खालच्या कडेने काजळाच्या रेघेसारखी डीआरएल (दिवसा लावायच्या दिव्याची) पट्टी. ही हौस रस्त्यावर आणली बीएमडब्ल्यूने, ई-३९ पिढीच्या ५ सीरिजचं रूप २००० साली बदललं तेव्हा. पण तिथे रिंग कारखान्यातच, दिव्याचा एक भाग म्हणून बसते. आपल्याकडे चांगला बंद असलेला हेडलाइट गरम करून उघडतात, आत रिंग चिकटवतात आणि पुन्हा मिटतात. पुढच्या बहुतेक भानगडी या उघडण्या-मिटण्यातल्या आहेत.

किती भाग विझलाय?

खोलण्याआधी रिंग लावून दोन हातांवरून नीट बघा. १२ व्होल्टच्या साध्या पट्टीत तीन-तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी एकेक माळ असते, आणि अशा माळा शेजारी-शेजारी जोडलेल्या असतात. म्हणून लागून असलेल्या तीनच एलईडी विझल्या असतील तर त्या तिघींपैकी एक मेली आहे किंवा तिचं सोल्डर सुटलंय. एका ठिकाणापासून पुढचा सगळा भाग अंधारात असेल तर तिथे पट्टीतली तांब्याची रेघ तुटली आहे. पट्टी जिथे जास्त वाकवली असेल तिथे हमखास. संपूर्ण रिंग मंद असेल तर अर्थिंग बघा, म्हणजे मायनस वायर गाडीच्या पत्र्याला जिथे कसली आहे तो जोड. आणि संपूर्ण बंद असेल तर हेडलाइट उघडायच्या फंदात पडूच नका, आधी फ्यूज आणि बाहेरचे जोड बघा. दहातल्या निम्म्या वेळा दोष बाहेरच, काळी टेप गुंडाळलेल्या पिळावर असतो. टेप सोडवा, तांबं हिरवं पडलेलं दिसेल. आमच्याकडे भांड्याला कळंक चढतो म्हणतात ना, तोच.

अर्थिंग तपासायला मल्टिमीटर पुरतो. रिंग चालू ठेवायची, एक प्रोब रिंगच्या मायनस वायरला आणि दुसरा थेट बॅटरीच्या मायनसला लावायचा. ०.१ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर वायर रंगावर किंवा गंजावर कसली आहे. तो स्क्रू काढा, पत्रा पॉलिश पेपरने पांढरा होईपर्यंत घासा, पुन्हा कसा आणि वरून ग्रीस लावा.

काचेला घाम

माझं दुखणं इथे होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे ठरवा, की आत दिसतंय ते नक्की काय आहे. पहाटे काचेच्या एका कोपऱ्यात धुकं धरलंय आणि दिवा लावून पंधरा-वीस मिनिटांत ते जातंय, तर तो दोष नाही. नव्याकोऱ्या गाडीतही असं होतं. थेंब ओघळताना दिसत असतील, तळाशी पाणी साचून काचेवर पाण्याची रेघ उमटली असेल, तर गळती आहे. तिसरा प्रकार फसवा. काचेवर आतून पांढुरका पापुद्रा, तो उन्हाने जात नाही आणि दिवा लावूनही जात नाही. ते पाणी नाहीच. रिंग चिकटवायला झटपट चिकटणारा पातळ गोंद वापरलेला असतो. त्याची वाफ बंद डब्यात फिरून काचेवर बसते. हेडलाइट पुन्हा उघडून पुसल्याशिवाय तो पापुद्रा निघत नाही.

आता पाणी येतं कसं ते समजून घ्या, नाहीतर सिलिकॉनच्या नळ्या संपतील पण पाणी थांबणार नाही. हेडलाइट श्वास घेतो. बल्ब लावला की आतली हवा तापते, फुगते आणि थोडी बाहेर जाते. बल्ब बंद झाला, किंवा तापलेल्या काचेवर पावसाची सर आली, की आतली हवा आक्रसते आणि बाहेरची हवा ओढून घेते. त्यासाठी मागच्या बाजूला कंपनीने नाकपुड्या ठेवलेल्या असतात. कुठे खाली तोंड केलेली रबरी नळी असते, कुठे बारीक जाळीची चकती, जिच्यातून हवा जाते पण पाणी जात नाही. या नाकपुड्या उघड्या असतील तर ओढ तिथून भागते. त्या बंद झाल्या तर हेडलाइट जिथे फट सापडेल तिथून ओढून घेतो, आणि त्या फटीवर नेमकं पाणी असेल तर पाणीच.

माझ्या डाव्या हेडलाइटची ती रबरी नळी राखाडी सिलिकॉनने गच्च भरलेली होती. उजव्याची मोकळी. पहिल्याच पावसाळ्यात डावीकडे धुकं दिसलं म्हणून मी तक्रार केली होती, तेव्हा कुणीतरी "इथूनच पाणी जातंय" असं समजून ती बुजवून टाकली असणार. म्हणजे औषधानेच रोग वाढवला. त्याच्या जोडीला बल्बच्या मागच्या रबरी टोपीला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडून रिंगची वायर बाहेर काढलेली. वायर वरून खाली सरळ त्या भोकात शिरत होती. बॉनेटच्या फटीतून पडलेला थेंब वायर धरून घरंगळत थेट आत. असली वायर असेल तर ती भोकाच्या खाली नेऊन, वळवून, मग वर आत घ्यायची. थेंब वळणाच्या तळाशी गळून पडतो. वीजमंडळाचा माणूस घरात केबल आणताना खिडकीबाहेर तिला झोळ देतो, त्याचं कारण हेच.

पाणी वाळवायचं काम सोपं आहे. बल्ब आणि टोपी काढायची, हेअर ड्रायर अगदी कमी उष्णतेवर लांबून मारायचा, मग सिलिका जेलच्या पुड्या कापडात बांधून रात्रभर आत ठेवायच्या. पुडी आत सांडू देऊ नका. ते मणी रिफ्लेक्टरच्या घळीतून काढायला मला अर्धा तास लागला होता.

मग फट शोधायची. पंक्चर काढतात तसंच. मागची भोकं टेपने बंद करायची, एक नाकपुडी मोकळी ठेवून तिला प्लास्टिकची नळी जोडायची, काचेच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावायचं आणि नळीतून तोंडाने हलकं फुंकायचं. पंप किंवा कॉम्प्रेसर लावू नका, चांगला सांधाही सुटेल. माझ्याकडे बुडबुडे आले ते फेंडरकडच्या वरच्या कोपऱ्यात. तिथे कारखान्याच्या जुन्या काळ्या ब्यूटिलवरच (काच घराला चिकटवणारा रबरी लगदा) नवीन सिलिकॉन ओढलं होतं. ब्यूटिलच्या चिकट अंशावर सिलिकॉन धरत नाही. वरून साय दिसते, खाली पोकळ.

त्या सिलिकॉनला उघडताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. असा वास असलेलं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं आणि बंद हेडलाइटमध्ये ते रिफ्लेक्टरवरचा चांदीसारखा थर आणि वायरीचं तांबं दोन्ही खातं. माझ्या रिंगच्या सोल्डरवर जे हिरवं फूल उमललं होतं, त्यात पाण्याइतकाच याचाही हात होता. वापरायचंच तर डब्यावर न्यूट्रल लिहिलेलं घ्या. पण काचेच्या सांध्याला ब्यूटिलची दोरीच बरी, कारण पुढे उघडायची वेळ आली तर गरम केल्यावर ती मऊ होते. सिलिकॉनने मिटलेली काच उघडताना काचेची कड तुटते.

उघडायची पद्धत थोडक्यात. सगळे स्क्रू आणि क्लिपा आधी काढायच्या, विसरलेला एक स्क्रू घर फोडतो. बल्ब, टोपी, रबर सगळं बाहेर. मग ओव्हनमध्ये ९० ते १०० अंशांवर आठ-दहा मिनिटं. हेडलाइट ओव्हनच्या कॉइलला किंवा भिंतीला टेकता कामा नये. काच पॉलिकार्बोनेटची, उष्णता सोसणारी असली तरी मागचं प्लास्टिकचं घर तिच्याआधी वाकडं होतं. काही गाड्यांत ब्यूटिलऐवजी कडक पॉलियुरेथेन असतं, ते तापवून मऊ होत नाही, कापावं लागतं. तुमचा हेडलाइट तसला निघाला तर तिथेच थांबा, नव्याने मिटवताना तो पूर्वीसारखा बसत नाही. उघडल्यावर घळीतलं जुनं ब्यूटिल आणि सिलिकॉन पूर्ण खरवडून काढायचं, नवीन दोरी अखंड बसवायची, पुन्हा पाच-सात मिनिटं गरम करून काच दाबायची आणि गार होईपर्यंत पकडी लावून ठेवायच्या. रिफ्लेक्टरला बोट लावू नका. तो पुसला की थरच निघतो.

नळी मोकळी केली, टोपीच्या भोकात रबरी ग्रोमेट (वायरीभोवती घट्ट बसणारी कडी) बसवला, वायरीला झोळ दिला. पुढच्या जुलैत ताम्हिणी घाटातून माणगावला गेलो, तास-दीड तास समोरचं दिसू नये असा पाऊस. खाली उतरल्यावर डाव्या काचेत कोपऱ्यात हलकं धुकं होतं, चहा होईपर्यंत गेलं.

चौदा व्होल्टचं गणित

आता दुसरं कारण, जे दोन्ही बाजूंना लागू होतं. आपण गाडीला १२ व्होल्ट म्हणतो, पण तो बोलण्यातला आकडा. बंद गाडीत भरलेली बॅटरी १२.६ दाखवते आणि इंजिन चालू झालं की अल्टरनेटर तिला १४ च्या वर नेतो. माझ्या गाडीत १४.३.

पट्टीवरच्या रेझिस्टरवर भिंगातून बघा, माझ्या पट्टीवर १५१ लिहिलं होतं, म्हणजे १५० ओम. तीन पांढऱ्या एलईडी मिळून साधारण ९.५ व्होल्ट खातात. १२ व्होल्टवर रेझिस्टरच्या वाट्याला अडीच व्होल्ट, म्हणजे माळेतून १७ मिलिअँपिअर. १४.३ वर रेझिस्टरच्या वाट्याला ४.८ व्होल्ट, म्हणजे जवळपास ३२. व्होल्टेज वाढलं वीस टक्क्यांनी आणि करंट झाला जवळजवळ दुप्पट, तोही २० मिलिअँपिअरच्या एलईडीतून. त्यात शेजारी ५५ वॅटचा हॅलोजन, वर बंद डबा. पट्टी पिवळी पडणार आणि एकेक माळ विझत जाणार, हे ठरलेलंच. दुकानात टेबलावरच्या अडॅप्टरवर ती झकास लागते, कारण तो अडॅप्टर खरोखर १२ चा असतो.

उपाय स्वस्त आहे. एलएम २५९६ चा स्टेप डाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवून एका आकड्यावर ठेवणारा मॉड्यूल घ्या. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास असली दुकानं आहेत, इतरत्र ऑनलाइन मिळतो. गाडीला जोडण्याआधीच त्यावरचा बारीक स्क्रू फिरवून बाहेरचं व्होल्टेज ११.५ वर आणा. पूर्ण १२ कशाला हवे? फरक डोळ्यांना कळत नाही, पट्टीला कळतो. मॉड्यूल हेडलाइटच्या आत ठेवू नका. बाहेर, इंजिनच्या उष्णतेपासून लांब, छोट्या डबीत. एकाच मॉड्यूलवर दोन्ही बाजू चालतात. माझ्या दोन रिंगा आणि दोन पट्ट्या मिळून पाऊण अँपिअरही घेत नाहीत.

यानंतर रेडिओवर खरखर सुरू झाली तर मॉड्यूलच्या वायरी अँटेनाच्या वायरीपासून दूर न्या आणि त्यांच्यावर फेराइटचा मणी चढवा. जुन्या सीसीएफएल (बारीक ट्यूबलाइटसारख्या) रिंगांचे इन्व्हर्टर याहून खट्याळ, ते असतील तर काढून एलईडी रिंग बसवा.

वायर कुठून घेतली?

एक चमत्कारिक तक्रार: लो बीम लावला की रिंग विझते आणि हाय लावला की पेटते. लोक याला भुताटकी म्हणतात, पण कारण साधं आहे. काही गाड्यांत एच-४ बल्बच्या सामाईक पिनला प्लस येतो आणि लो-हाय ही निवड मायनसच्या बाजूने होते. बसवणाऱ्याने रिंगचा प्लस लोच्या वायरवर जोडला की लो लावल्यावर ती वायर मायनस होते आणि रिंग बंद. हाय लावल्यावर तीच वायर लोच्या फिलामेंटमधून प्लस पकडते आणि रिंग पेटते. मल्टिमीटरने एकदा तपासा आणि हेडलाइटची वायर सोडून पार्किंग लाइटच्या फ्यूजवरून घ्या. फ्यूजच्या खाचेतूनच वेगळी वायर काढून देणारा फ्यूज टॅप मिळतो, त्यात २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज टाका. चालत्या वायरीची साल चिरून जोडणारे निळे-लाल प्लास्टिकचे क्लिप वापरू नका, पावसाळ्यात त्यांच्याच आत कळंक चढतो.

सकाळी बॅटरी बसलेली असते, ही तक्रार डीआरएलचा कंट्रोलर (पट्टी आपोआप चालू-बंद करणारी डबी) थेट बॅटरीवर जोडलेल्यांची. असे कंट्रोलर व्होल्टेज १३ च्या वर गेलं की इंजिन चालू झालं असं धरतात. गाडी बंद करून, दारं लावून अर्धा तास थांबा, मग बॅटरीच्या मायनसमध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत टाकून बघा. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. ०.३ अँपिअर दिसला तर दिवसाला सात अँपिअर-तास जातायत. ३५ ची बॅटरी पाच दिवसांत रिकामी, आणि स्टार्टर त्याच्या बराच आधी हात वर करतो. प्लस इग्निशनवरच्या फ्यूजवर हलवा. नव्या गाड्यांत अल्टरनेटर मधूनच व्होल्टेज खाली आणतो, तेव्हा हेच कंट्रोलर चालत्या गाडीत डोळे मिचकावतात. उपाय तोच.

इंडिकेटर भराभर उडत असेल तर बघा, मूळ २१ वॅटचा बल्ब काढून त्याच्या जागी पिवळी पट्टी लावली आहे का. बल्ब राहू द्या आणि पट्टी सोबत जोडा, उडणं थांबेल. लोक ६ ओमचा रेझिस्टर लावतात, पण तो पेटलेला असताना तीस वॅटच्या वर उष्णता टाकतो. प्लास्टिकला टेकवलात तर खड्डाच पडेल. पत्र्यावर स्क्रूने कसायचा.

लाल दिव्याचा मोह

पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवायला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०८ मनाई करतो, त्यामुळे प्रोजेक्टरमधले (भिंगाच्या हेडलाइटमधले) लाल 'डेमन आय' दिवे सरळ बेकायदा. मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ ए खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत असं, की रिफ्लेक्टरच्या पोटात बसवलेली रिंग बीमचा तुकडा खाते. रिंग बसवल्यावर गाडी भिंतीसमोर सपाट जागी उभी करून लो बीमची कड बघा. डावीकडे वर चढणारी रेघ मोडली असेल किंवा मध्ये काळी सावली पडली असेल, तर रिंग मागे सरकवा, नाहीतर काढून टाका. घाटात रात्री समोरून एसटी येते तेव्हा उपयोगी पडतो तो बल्ब, रिंग नाही.

बॉनेटच्या आतल्या बाजूला मी टेपखाली एक कागद चिकटवलाय, पुढच्या वायरमनसाठी: "प्लस पार्किंगच्या फ्यूजवरून, ३ अँपिअर. मॉड्यूल बॅटरीच्या डाव्या अंगाला, ११.५ वर लावलेला, स्क्रू फिरवू नये. अर्थ हेडलाइटखालच्या दहाच्या बोल्टवर. रबरी नळी बुजवू नये." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या आहेत.